गावाची नोंदवही आणि हातातील मोबाईल : स्वयंसेवी संस्थांच्या कामापासून वऱ्हाडातील शेतकऱ्यांनी काय घ्यावे?



आज अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत क्वचितच असे घर असेल की जेथे मोबाईल नाही. वावरात डवरणी चालू असताना धुऱ्यावर ठेवलेला फोन वाजतो, बाजारभाव समजतात, पावसाचा अंदाज येतो, गावच्या समूहावर दिवसाला शंभर संदेश पडतात. परंतु या सर्वांमुळे विहिरीतील पाणी वाढले काय, फवारणीचा खर्च कमी झाला काय, कपाशीचे बोंड अळीपासून वाचले काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. साधन हाती असणे वेगळे आणि त्याचा उपयोग करून घेणे वेगळे.

गेल्या काही वर्षांत काही स्वयंसेवी संस्थांनी मोबाईल, चित्रफिती, आकडेवारी आणि माणसामाणसांतील संबंध यांची सांगड घालून खेड्यांत काम उभे केले. त्यांतील एका मोठ्या कामाची सुरुवात ज्या तीन तालुक्यांतून झाली, त्यांपैकी एक आपला वरूड तालुका होय. हे काम कसे चालले, कोठे उपयोगी पडले, कोठे जपून पावले टाकावी लागतात आणि आपल्या गटाला त्यातून काय घेता येईल, याची माहिती या लेखात दिली आहे.

वरूडपासून सुरुवात

वरूड-मोर्शीचा पट्टा संत्र्यासाठी प्रसिद्ध आहे. बाग जगविण्यासाठी येथे विहिरी खोल झाल्या, नंतर बोअर झाले आणि बोअरही खोल खोल जात राहिले. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा अधिक झाल्याने वरूड तालुक्याची गणना भूजलाचा अतिउपसा झालेल्या भागात होऊ लागली. उन्हाळ्यात पाण्याअभावी बागा वाळणे हा या भागाचा जुना अनुभव आहे.

आमीर खान आणि किरण राव यांनी २०१६ मध्ये पाणी फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. 'सत्यमेव जयते' हा दूरदर्शन कार्यक्रम तयार करणारी मंडळीच या कामात उतरली. सत्यजित भटकळ यांच्याकडे संस्थेची मुख्य जबाबदारी होती. संस्थेने त्याच वर्षी उन्हाळ्यात 'वॉटर कप' ही गावागावांतील स्पर्धा घेतली. पहिल्या वर्षी अमरावती जिल्ह्यातील वरूड, बीडमधील अंबाजोगाई व साताऱ्यातील कोरेगाव हे तीन तालुके होते आणि ११६ गावांनी भाग घेतला. पहिले बक्षीस कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाला मिळाले. २०१७ मध्ये ही स्पर्धा ३० तालुक्यांत पोहोचली. त्यात अकोला जिल्ह्यातील पातूर व बार्शीटाकळीसारखे तालुकेही होते. त्या वर्षीचे पहिले बक्षीस शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्याच्या काकडदरा या छोट्या आदिवासी गावाने मिळविले. २०१८ मध्ये ७५ व २०१९ मध्ये ७६ तालुके स्पर्धेत होते.

बक्षिसाच्या रकमेमुळे गावे जागी झाली असे वरवर पाहता वाटते. पण बक्षीस मिळते ते मोजक्या गावांना. बाकीच्या शेकडो गावांनी उन्हात कुदळ-फावडे घेऊन काम केले ते कशामुळे, हे समजून घेणे आपल्या उपयोगाचे आहे.

तंत्रज्ञान कोठे वापरले आणि माणूस कोठे?

या कामाचे नीट निरीक्षण केल्यास चार पायऱ्या दिसून येतात.

१) प्रथम प्रशिक्षण : गावाने आपल्यातील काही स्त्री-पुरुष निवडून निवासी प्रशिक्षणास पाठवायचे. तेथे पाणलोट म्हणजे काय, पाणी माथ्यावरून पायथ्याकडे कसे येते, सलग समतल चर कोठे घ्यावेत, दगडी बांध कोठे घालावा, हे खेळ, प्रतिकृती व चित्रफिती यांच्या साहाय्याने शिकविले जाई. व्याख्यान कमी आणि पाहणे-करणे जास्त, अशी ही पद्धत होती.

२) हाताशी राहणारी माहिती : प्रशिक्षण संपवून मनुष्य गावी परतला की अर्धे विसरतो. म्हणून तीच माहिती छोट्या चित्रफितींच्या रूपाने मोबाईलवर दिली. चर किती खोल घ्यावा अशी शंका प्रत्यक्ष जागेवर आली, तर तेथेच चित्रफीत पाहता येई.

३) रोजची नोंद : किती लोक श्रमदानाला आले, किती घनमीटर काम झाले, किती शोषखड्डे खोदले, रोपवाटिका केली काय, या बाबींची नोंद ठेवून त्यांना गुण देण्यात येत. नोंद डोळ्यांसमोर असल्याने शेजारचे गाव पुढे गेले की आपले गाव दुसऱ्या दिवशी पहाटे अधिक संख्येने बाहेर पडे.

४) यशाची गोष्ट सर्वांपर्यंत : एका गावाने केलेले काम दूरचित्रवाणीवर व मोबाईलवर दुसऱ्या गावांनी पाहिले. शहरातील लोकांनी 'जलमित्र' म्हणून नावे नोंदविली आणि महाराष्ट्र दिनी येऊन गावकऱ्यांबरोबर घमेली उचलली.

आता याच पायऱ्या पुन्हा वाचा. प्रत्येक पायरीवर तंत्रज्ञान आहे, परंतु त्याच्या आधी व नंतर माणूस आहे. प्रशिक्षणाला कोण जाईल हे गावसभेत ठरते. पहाटे दार ठोठावून बोलाविणारा शेजारी असतो. दोन गटांत विभागलेल्या गावाला एकत्र बसवावे लागते ते पारावरच. मोबाईलने हे काम सोपे केले, पण मोबाईलने ते सुरू केले नाही. वऱ्हाडात सावड आणि इर्जिक या रीती आपल्या आजोबा-पणजोबांपासून चालत आल्या आहेत. एकमेकांच्या वावरात जाऊन काम उरकून देणे हे जुने जाळे होय. नवे साधन या जुन्या जाळ्यावर बसविले तरच टिकते.

नोंदीचा खरा उपयोग : पाण्याचे अंदाजपत्रक

श्रमदानापेक्षाही या चळवळीतून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे पाण्याचा हिशेब. आपण घरखर्चाचा हिशेब ठेवतो, परंतु गावाच्या पाण्याचा ठेवत नाही. हा हिशेब अवघड नाही. एक सूत्र पाठ करावे : एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले.

उदाहरणादाखल एक गाव घेऊ. शिवाराचे क्षेत्र १००० हेक्टर आणि पाऊस ७५० मि.मी. म्हणजे गावात वर्षाला ७५० कोटी लिटर पाणी पडते. हा आकडा ऐकून कोणालाही वाटेल की पाणी भरपूर आहे. पण यातील बराच भाग खरीप पिके व झाडोरा वापरतो, काही वाफ होऊन जातो आणि मोठा भाग नाल्याने वाहून जातो. आपल्या भागातील काळ्या पाषाणाच्या खडकात फार थोडे पाणी मुरते. उदाहरणापुरते दहा टक्के मुरते असे धरले तर जमिनीखाली ७५ कोटी लिटर जमा होतात.

आता खर्चाची बाजू पाहू.

अ) २००० लोकसंख्येस माणशी रोज ५५ लिटर : वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर.

ब) ८०० जनावरांस प्रत्येकी रोज ५० लिटर : सुमारे दीड कोटी लिटर.

क) १०० हेक्टर हरभऱ्यास ५ सें.मी.च्या दोन पाळ्या : एका पाळीला हेक्टरी ५ लाख लिटर, म्हणजे एकूण १० कोटी लिटर.

ड) १०० हेक्टर संत्रा बागेस वर्षाकाठी ६० सें.मी. पाणी विहिरीतून दिले असे धरल्यास : ६० कोटी लिटर.

बेरीज साडेपंचाहत्तर कोटी लिटर होते. म्हणजे सरासरी पावसाच्या वर्षातही गावाची जमा आणि खर्च यांत अर्धा कोटी लिटरची तूट आहे. शिवाय मुरलेले सर्व पाणी उपसता येत नाही. काही खालच्या शिवारात झिरपून जाते. पाऊस कमी झाला की बाग वाळणार हे येथे आधीच लिहून ठेवल्यासारखे आहे. अशा गावात आणखी दहा बोअर घेतले तर पाणी वाढत नाही. तेच पाणी दुसऱ्याच्या विहिरीतून आपल्या बोअरमध्ये येते एवढेच. याउलट बागेला ठिबक बसवून पाण्यात तिसऱ्या हिश्श्याची बचत केली, तर २० कोटी लिटर वाचतात. गावात वाद न होता हा निर्णय घ्यावयाचा असेल, तर आकडा फळ्यावर लिहिलेला असला पाहिजे.

विहिरीची पातळी मोजणे हेही प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. विहिरीच्या काठावर एक खूण करावी. दर महिन्याच्या ठरावीक तारखेस, पंप सुरू करण्यापूर्वी सकाळी, त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर वजन बांधलेल्या दोरीने किंवा टेपने मोजावे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर साठा होय. गावाच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातील मिळून आठ-दहा विहिरी निवडल्या तरी पुरे. ही नोंद वहीत ठेवा व समूहावर टाका. बंधारा बांधल्याने पाणी वाढले की त्या वर्षी पाऊसच चांगला झाला, हे या नोंदीशिवाय सांगता येणार नाही. म्हणून पावसाची नोंदही सोबत हवी.

खारपाणपट्ट्यात वेगळा विचार

यशाच्या चित्रफिती पाहताना एक सावधगिरी आवश्यक आहे. सातारा जिल्ह्यातील डोंगरउतारावर जे उपयोगी पडले, ते पूर्णेच्या खोऱ्यात जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात जमीन सपाट, खोल काळी व चोपण असते. पाणी मुरण्याचा वेग अत्यंत कमी आणि जमिनीखालचे पाणी खारे असते. अशा पाण्याने ओलीत केल्यास जमीन अधिकच बिघडते. येथे पाणी जमिनीत मुरविण्यावर खर्च करण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवून संरक्षित ओलितासाठी वापरणे, जास्तीचे पाणी काढून देण्यासाठी चर ठेवणे, माती परीक्षणानुसार जिप्सम व सेंद्रिय खते देणे हे उपाय योग्य ठरतात.

तसेच यंत्राने नाला वाटेल तेवढा खोल व रुंद करणे हे पाणलोटाचे काम नव्हे. माथ्यावर काम न करता फक्त नाल्यात खोदकाम केल्यास एक-दोन पावसाळ्यांत गाळ भरतो. यंत्र गावात आले की काम भराभर दिसते आणि त्याचे छायाचित्रही चांगले येते; परंतु पाणलोटाचा नकाशा पाहून माथा ते पायथा हा क्रम सांभाळला नाही, तर पैसा वाया जातो. कृषी सहायक, भूजल सर्वेक्षण यंत्रणा किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेतल्यावाचून मोठे खोदकाम करू नये.

पाण्याकडून पिकाकडे

पाणी अडविल्यानंतर त्याचा उपयोग कसा होतो, हा पुढचा प्रश्न होता. २०२० मध्ये याच संस्थेने समृद्ध गाव स्पर्धा घेतली. करोनाच्या साथीत प्रत्यक्ष प्रशिक्षण अवघड झाल्यावर शेतीशाळा मोबाईलवर आल्या. कृषी विद्यापीठांतील शास्त्रज्ञ पिकाच्या अवस्थेप्रमाणे ठरावीक दिवशी मार्गदर्शन करू लागले आणि शेतकरी आपल्या घरून किंवा शेतातून प्रश्न विचारू लागले. पुढे २०२२ मध्ये 'फार्मर कप' ही गटशेतीची स्पर्धा राज्यातील ३९ तालुक्यांत सुरू झाली. यात एकट्या शेतकऱ्याऐवजी शेतकऱ्यांचा गट भाग घेतो. एका पिकासाठी बियाणे उगवण चाचणीपासून काढणीपर्यंत करावयाच्या कामांची यादी ठरते, निविष्ठा एकत्र खरेदी होतात, कामे सावडीने होतात आणि खर्च-उत्पन्नाचा जमाखर्च लिहिला जातो.

यातील उगवण चाचणीचेच उदाहरण घ्या. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्यास आठवडाभरात किती उगवले ते समजते. सत्तर किंवा त्यापेक्षा जास्त उगवले तर शिफारशीप्रमाणे बियाणे वापरावे. कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे किंवा बदलावे. ही गोष्ट विद्यापीठ अनेक वर्षे सांगत आले आहे. पण वीस जणांच्या गटात एकाने आपल्या गोणपाटाचे छायाचित्र टाकले की बाकीचे एकोणीस जण आपोआप चाचणी करतात. हा शेजाऱ्याच्या उदाहरणाचा परिणाम होय.

बोंडअळी : एका सापळ्याचा आकडा आणि हजार सापळ्यांचा आकडा

वऱ्हाडाच्या दृष्टीने आकडेवारीचा सर्वांत मोठा उपयोग कीड व्यवस्थापनात आहे. २००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर राज्य शासनाने २००९-१० पासून 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. त्यात कृषी विभाग व कृषी विद्यापीठे सहभागी झाली. ठरविलेल्या शेतांतून किडींची मोजणी होते, ती संगणकावर भरली जाते आणि नुकसानीची पातळी ओलांडली असेल त्या भागासाठी सल्ला दिला जातो.

स्वयंसेवी क्षेत्रातही असा प्रयत्न झाला. मुंबई येथे २०१८ मध्ये सुरू झालेल्या वाधवानी या ना-नफा संस्थेने कपाशीसाठी 'कॉटनएस' हे मोबाईल उपयोजन तयार केले. कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग कागदावर पसरून त्याचे छायाचित्र घ्यायचे. संगणक पतंग ओळखून मोजतो आणि फवारणी लागेल की नाही हे सांगतो.

उपयोजन नसले तरी मोजणी आपल्याला करता येते. हेक्टरी पाच कामगंध सापळे पिकाच्या उंचीपेक्षा थोडे वर लावावेत. शेंदरी बोंडअळीचे प्रति सापळा सरासरी आठ पतंग सलग तीन दिवस आढळले, तर नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. तसेच शेतातून फिरताना डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात आणि वेगवेगळ्या झाडांवरील वीस हिरवी बोंडे फोडून पाहावीत. दोन बोंडांत अळी दिसली म्हणजे दहा टक्के प्रादुर्भाव झाला. या पातळीच्या आत असताना निंबोळी अर्कासारखे उपाय पुरेसे होतात आणि महागडी फवारणी वाचते.

एका शेतकऱ्याच्या सापळ्यातील आकडा त्याच्या वावरापुरता असतो. पण गावातील चाळीस जणांनी रोज सकाळी आपले आकडे एकाच समूहावर टाकले, तर पतंग कोणत्या बाजूने वाढत आहेत हे संपूर्ण गावाला दिसते. बहुधा जुन्या पऱ्हाटीचे ढीग किंवा जिनिंगजवळचा भाग प्रथम लक्षात येतो. एकाने फरदड ठेवली तर शेजाऱ्याचे पुढच्या हंगामात नुकसान होते, हेही आकड्यांवरून पटवून देता येते.

बाहेरचा अनुभव काय सांगतो?

दोन उदाहरणे बोलकी आहेत. पहिले 'डिजिटल ग्रीन' या संस्थेचे. या पद्धतीची पहिली चाचणी २००६ च्या सुमारास कर्नाटकात झाली. स्थानिक शेतकऱ्यांच्याच शेतात त्यांच्याच भाषेत चित्रफिती काढून त्या गावात दाखविल्या गेल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नेहमीच्या विस्तार पद्धतीशी तुलना करता, झालेल्या खर्चाच्या मानाने ही पद्धत सुमारे दहापट परिणामकारक ठरली. मात्र एक अट होती. चित्रफीत मध्ये थांबवून प्रश्न विचारणारा, चर्चा घडवून आणणारा आणि नंतर शेतावर जाऊन पाहणारा गावातीलच एक माणूस तेथे हजर असे. केवळ चित्रफीत पाठवून ते फळ मिळत नाही.

दुसरे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरचे. १९९८ मध्ये वारणा सहकारी समूहाच्या परिसरातील सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याकडून फार मोठ्या अपेक्षा होत्या. काही वर्षांनी संशोधकांनी पाहिले तेव्हा शेतकरी संगणक केंद्राचा उपयोग मुख्यत्वे आपल्या उसाची तोड, वजन व खात्याची माहिती घेण्यासाठीच करीत होते. तेवढ्या कामासाठी संगणकाऐवजी साध्या मोबाईलचा लघुसंदेश पुरेसा ठरतो, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. तात्पर्य असे की, लोकांना नेमके काय हवे ते आधी पाहावे आणि ज्याच्याकडे जे साधन आहे त्यावरच काम उभारावे.

आपल्या गटाचा समूह कसा चालवावा?

१) एक समूह, एक उद्देश ठेवावा. कपाशीच्या समूहावर कपाशीच. शुभेच्छा, राजकारण व करमणुकीसाठी वेगळा समूह करावा.

२) समूहात वीस ते चाळीस शेतकरी असावेत व त्यांनी एकमेकांना ओळखलेले असावे.

३) दोन जबाबदार व्यक्ती नेमाव्यात. त्यांपैकी एक महिला असावी. निंदणी-वेचणीच्या कामात महिला सर्वाधिक वेळ शेतात असतात व कीड प्रथम त्यांनाच दिसते. मात्र घरातील फोन बहुधा पुरुषाच्या खिशात असतो.

४) आठवड्यातील ठरावीक दिवशी ठरावीक नोंदी टाकाव्यात : पाऊस, सापळ्यातील पतंग, विहिरीची पातळी, केलेली कामे.

५) सर्व नोंदी वहीतही उतराव्यात. फोन हरवतो, बिघडतो; वही राहते.

६) ज्यांच्याकडे साधाच फोन आहे किंवा ज्यांना वाचता येत नाही, त्यांना आवाजी संदेश पाठवावा अथवा त्यांच्या घरी निरोप द्यावा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आकडे लिहावेत.

७) महिन्यातून एकदा कोणाच्यातरी वावरात प्रत्यक्ष बैठक घ्यावी. न भेटणारा समूह फार दिवस टिकत नाही.

८) हंगामाच्या शेवटी प्रत्येकाने एकरी खर्च, उत्पादन व निव्वळ नफा लिहून काढावा व तुलना करावी. नुकसान झालेल्याचा हिशेब लपवू नये; त्यातूनच पुढच्या वर्षाची सुधारणा होते.

धोके ओळखावेत

ज्या वेगाने चांगली माहिती पोहोचते, त्याच वेगाने खोटीही पोहोचते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरील अफवेमुळे जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्यानंतर त्याच महिन्यात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर व्हॉट्सॲपने भारतात मर्यादा घातली. परंतु खरी मर्यादा आपल्या बोटावर हवी.

शेतीतही चुकीचा सल्ला प्राणघातक ठरतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसपेक्षा अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. दोन-तीन औषधे एकत्र मिसळून जोरदार फवारणी करा, असा कोणाचाही संदेश आला तरी तो पाळू नये. सल्ल्याखाली देणाऱ्याचे नाव, पद व तारीख नसेल तर तो सल्ला समजू नये. औषधाचे नाव, मात्रा व काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ लेबलवर तपासावा. हातमोजे, तोंडावर फडके व पायांत बूट घातल्याशिवाय आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने कधीही फवारणी करू नये.

तिसरा धोका आपल्या माहितीचा आहे. सात-बारा, आधार क्रमांक, बँक खाते, जमिनीचे क्षेत्र, पिकाचे उत्पादन ही सर्व मोलाची माहिती होय. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केंद्राने कायदा केला आहे. बँकेचा सांकेतिक क्रमांक कोणालाही सांगू नये आणि आधार कार्डाचे छायाचित्र समूहावर टाकू नये.

संस्थेला हे प्रश्न विचारा

उद्या आपल्या गावात एखादी संस्था उपयोजन घेऊन आली, तर तिचे स्वागत करावे. पण पुढील प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. आमची माहिती कशासाठी घेता व ती कोणाला देणार? गोळा केलेले आकडे गावाला परत मिळतील काय? दिलेला सल्ला कोणत्या विद्यापीठाच्या शिफारशीवर आधारित आहे? आमच्या जमिनीच्या प्रकारासाठी तो तपासला आहे काय? संस्थेचा कार्यक्रम संपल्यावर हे काम कोण चालवील? किती जणांनी नाव नोंदविले हे सोडून, किती जणांचा खर्च कमी झाला हे दाखविता काय? ज्या संस्थेकडे या प्रश्नांची सरळ उत्तरे असतील, तिच्याबरोबर काम करण्यास हरकत नाही.

समारोप

वरूडच्या बागाईतदाराची अडचण पाण्याची, दर्यापूरकडील शेतकऱ्याची खाऱ्या पाण्याची, तर बार्शीटाकळीच्या कोरडवाहू शेतकऱ्याची पावसाच्या खंडाची. तिघांना लागणारे उपाय वेगळे. परंतु तिघांनाही मोजमाप, शेजाऱ्याची साथ आणि खात्रीचा सल्ला या तीन गोष्टी लागतात. स्वयंसेवी संस्थांनी या गोष्टी एकत्र कशा आणता येतात हे दाखविले आहे. संस्था येईपर्यंत वाट पाहण्याचे मात्र कारण नाही.

येत्या हंगामापूर्वी आपल्या शेजारच्या वीस शेतकऱ्यांना एकत्र बसवा, एक वही घ्या, पहिल्या पानावर शिवाराचे क्षेत्र व विहिरींची यादी लिहा, आणि पहिल्या पावसाचा आकडा आपल्या हाताने त्यात नोंदवा. मोबाईलचे काम त्यानंतर सुरू होते. अडचण आल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा विद्यापीठाच्या विस्तार शिक्षण विभागाशी अवश्य संपर्क साधावा.